ताटं पुसणारा पाहुणा

दिवे मालवले तसं म्हाताऱ्या नटानं बायकोकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहत बसावं तशी ती पर्स मांडीवर धरून ताठ बसली होती.

"भीती वाटली तर सांग," तो कुजबुजला. "उठून जाऊ."

"मला कसली भीती? तुम्हाला रोज घोरताना बघते मी."

मागच्या रांगेतून कुणीतरी 'शूऽऽ' केलं.

लग्नाला आयुष्य उलटलं, पण हा चित्रपट तिनं पाहिला नव्हता. संसाराला लागतानाच तिनं सांगून टाकलं होतं, "मला घरात तुम्ही हवे आहात, त्या चित्रपटातला तो माणूस नको." पुढं त्याला भूमिका मिळाल्या त्या पोस्टमनच्या, नायिकेच्या काकाच्या, कोर्टातल्या कारकुनाच्या. त्या तिनं झाडून सगळ्या पाहिल्या आणि दरवेळी एकच शेरा मारला, "बरं केलंत." ज्या कामामुळे लोक त्याला रस्त्यात थांबवत, त्याबद्दल मात्र घरात अवाक्षर नाही. आज थिएटरनं जुन्या चित्रपटाचा दुपारचा खेळ लावला, लेकीनं परस्पर तिकिटं काढली, आणि काय मनात आलं कोण जाणे, बायको चपला घालून त्याच्या आधी दारात उभी.

पडद्यावर एकटी राहणारी बाई आणि तिच्याकडे जेवायला आलेला पाहुणा. बाईच्या बहिणीचा खून झालेला, कुणी केला त्याचा पत्ता नाही. जेवण उरकून बाई ताटं धुते आहे आणि पाहुणा शेजारी उभा राहून एकेक ताट फडक्यानं पुसतो आहे. पाहुणा म्हणजे तोच. काळ्याभोर केसांचा, शिडशिडीत. बाई हात पुसायला टॉवेल ओढते, खुंटीवरचा पाहुण्याचा कोट हलतो आणि खिशातून बहिणीचं कानातलं जमिनीवर पडतं.

त्याला चित्रीकरणाचा तो दिवस आठवला. कागदावर इथं सुरा होता, आरडाओरडा होता, खुर्च्या उलथायच्या होत्या. त्यानं आरशासमोर दात-ओठ खाऊन जय्यत तयारी केली होती. दिग्दर्शकाला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी त्याच्या हातातला सुरा काढून घेतला आणि फडकं ठेवलं.

"तू काही करायचं नाहीस. ताटं पुसायची. कॅमेरा बाईंच्या तोंडावर राहील."

"मग मी दिसणार कुठं, मास्तर?"

"त्यांच्या डोळ्यांत."

तेव्हा तो दिवसभर तोंड फुगवून बसला होता.

आता बाईंचा चेहरा पडदाभर होता. त्या किंचाळल्या नाहीत. त्यांनी कानातल्यावर पाय ठेवला आणि पुढचं ताट धुवायला घेतलं. हात चालू राहिले, ओठांवर पाहुण्यासाठी ठेवलेलं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे हळूहळू विझत गेले. मास्तरांनी संगीतसुद्धा ठेवलं नव्हतं. नळाची धार आणि ताटावरून फिरणारं फडकं, बस्स. मग त्याचा स्वतःचा आवाज आला, अगदी मऊ, घरातल्यासारखा.

"हे वरच्या फळीवर ठेवू का?"

मघापासून चुळबुळ करणारी तरणी पोरंही गप्पगार झाली. काय त्या बाई, काय ते मास्तर! दोघांतलं आता कुणीच उरलं नव्हतं. मास्तर शेजारी असते तर त्यानं त्यांच्या गुडघ्यावर सणसणीत थाप मारली असती.

तेवढ्यात त्याच्या मनगटात नखं रुतली. बायको पडद्यावरची नजर न हलवता त्याला बिलगली होती. पाहुण्यानं ताट फळीवर ठेवलं, फडक्याची नीट घडी केली आणि वळला. तिनं हात आणखी आवळला. मग तिनं खाली पाहिलं. हात कुणाचा ते पाहिलं. वर त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि चटका बसावा तसा हात सोडून दिला.

खेळ सुटल्यावर एका मुलीनं त्याला ओळखलं. "आजोबा, ते तुम्हीच ना?" त्यानं मान डोलावली आणि ऐटीत बायकोकडे वळून पाहिलं. ती केव्हाच रस्त्याला लागली होती.

घरी जाताना ती त्याच्यापासून चांगलं हातभर अंतर ठेवून चालत होती. तो निकालाची वाट पाहणाऱ्या पोरासारखा कासावीस झाला होता.

"बाईंचं काम कसं वाटलं?" शेवटी त्यानं आडून विचारलं.

"बाई गं! नुसत्या बघत होत्या, आणि माझ्या पोटात गोळा."

"आणि मास्तर?"

"मोठा माणूस. काही दाखवलं नाही आणि जीव काढला माझा."

"आणि…"

"दूध घ्यायचंय ना? का सकाळचं आहे?" ती म्हणाली.

इमारतीच्या जिन्यात दिवसाही अंधारच असे. तिचे गुडघे अधू, म्हणून चढताना ती नेहमी पुढं आणि सावरायला तो मागं. आज पहिल्या पायरीशी ती कठडा धरून थांबली. पाऊल उचलेना.

"चढ ना."

"तुम्ही पुढं व्हा."

"अगं, तोल गेला म्हणजे? मागं मी नको का?"

"नको," ती म्हणाली. तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं आणि उगाच पर्सचा पट्टा चाळवत राहिली. "आजच्या दिवस मागं नको."

तो पुढं झाला. चढताना त्याला हसू आवरत नव्हतं, पण त्यानं मागं वळून पाहिलं नाही. त्या अंधारात त्याला हसताना पाहून ती बिचारी आणखीच घाबरली असती.