मागची सीट

"काका, टाकी नंतर बसवा. आधी तुम्हाला धुळ्यावरून एक चक्कर मारून आणते!" दुसरा हेडफोन नाचवत मृदुला हँगरमध्ये शिरली.

शिवदासकाका फडक्याला हात पुसत तसेच उभे राहिले. तेहतीस वर्षं त्यांनी हे दोन सीटचं छोटं विमान जिवापाड जपलं, पण त्यात बसून उडाले कधीच नाहीत. ही पायलट पोर दर वर्षी आग्रह करायची आणि काका दर वर्षी म्हणायचे, "आधी काम."

आज विमान केरळातल्या नव्या मालकाकडे जायचं होतं. एवढा पल्ला गाठायचा, म्हणून मागच्या सीटच्या जागी इंधनाची जादा टाकी बसवायची होती. कामाला उशीर नको, म्हणून काका पहाटेच येऊन सगळं उरकून बसले होते. टाकी काठोकाठ भरलेली होती.

"इतकी कसली घाई होती हो, काका?" मृदुलाने दुसरा हेडफोन खाली ठेवला.

दहा वाजता ती विमान घेऊन एकटीच उडाली. जमिनीवर काढून ठेवलेल्या मागच्या सीटवर काका बसले, आणि विमान दिसेनासं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण पट्टा बांधला आहे.