झुंबरचे पाय

झुंबरच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. मशीन बंद होतं, तारा काढून ठेवल्या होत्या, तरी हलला. अंजलीने हरखून वर पाहिलं, तर झुंबरने तिचं मनगट घट्ट धरलं.

"तिला सांगू नका," तो म्हणाला.

ती म्हणजे कौसल्या. बाहेर चुलीवर चहा ठेवत होती.

बावड्याच्या शिवेवरच्या या डाळिंबाच्या मळ्यात अंजली दर आठवड्याला बारामतीहून यायची. ती ज्या दवाखान्यात व्यायामाचे उपचार करायची, तिथल्या डॉक्टरांनी पुण्याहून एक मशीन आणवलं होतं. मांडीला, पोटरीला पट्ट्या चिकटवायच्या आणि बॅटरीच्या डबीतून बारीक करंट सोडायचा. मणक्यापाशी अडलेला निरोप मग बाहेरूनच पायाला पोचायचा आणि पाय हलायचा. नेमाने केलं तर कधी कधी पायाला आपलं जुनं काम आठवायचंही. शहाण्णव साली इंदापूर तालुक्याला हे अजबच होतं. झुंबरला शॉक देऊन उठवणार, अशी गावभर आवई होती.

मळ्यात माणसं दोनच. कौसल्याच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात डोरलं आणि तोंडी सदा 'मालक'. हातच्या कांकणाला आरसा कशाला? गावाकडची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, एवढं अंजलीलाही ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी कौसल्याने तिच्यापुढे हात जोडले होते.

"ह्यांस्नी पायावर हुबं करा, बाई. मालकांसाठी मी काय बी करीन."

आणि केलंही. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस, पण पाठीला एक जखम नाही. अशी सेवा अंजलीने दवाखान्यातही पाहिली नव्हती. आपण तरी नवऱ्यासाठी एवढं केलं असतं का, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

विहीर खोल करण्याचं काम चालू असताना काठ ढासळला आणि झुंबर आत गेला. लोकांनी दोर लावून वर काढला, पण कंबरेखालचा झुंबर काही वर आला नाही. थोरला भाऊ गेणू त्याच सकाळी मुंबईला निघून गेलेला, त्याने पुढे साधी खुशालीही कळवली नाही. हे झुंबरनेच तुटक तुटक सांगितलं होतं. अर्धी बुजलेली विहीर मग कुणी पुन्हा उपसली नाही.

अंगठा हलल्याचं अंजलीने चहा पिता पिता कौसल्याला सांगून टाकलं. उगाच आशा लावायला पुरुषमाणूस घाबरतो, त्यात काय एवढं, असं तिला वाटलं. कौसल्या हसली नाही. तिने पदराने डोळे पुसले.

"मालकांच्या जिवाला आता थंडावा मिळंल," ती म्हणाली.

त्यानंतर ती मशीन खाली ठेवीना. पट्ट्या कुठे लावायच्या, करंट किती वाढवायचा, सगळं तिने शिकून घेतलं. बटण तिच्याच हातात असायचं. झुंबर भिंतीकडे तोंड करून पडलेला, डोळ्यांतून पाणी गळतंय, आणि खाली पाय मात्र कौसल्याच्या बोटाबरहुकूम वाकतायत, ताठ होतायत. माणूस एकीकडे आणि त्याचे पाय दुसरीकडे.

एकदा कौसल्या गोठ्यात गेलेली पाहून तो हलकेच म्हणाला, "मला बारामतीला न्या. तितंच ठिवा."

त्या त्रास देतात का, असं अंजलीने विचारलं.

"न्हाय. जिवापाड जपती."

"मग?"

त्याने आपल्या पायांकडे बोट दाखवलं. तेवढ्यात कौसल्या दुधाची चरवी घेऊन दारात आली आणि त्याने डोळे मिटून घेतले. दुखण्याने माणूस चक्रावतो, अशी अंजलीने स्वतःची समजूत काढली.

पावसाळा सरला तेव्हा कौसल्याने आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं मुद्दाम बोलावली. कंबरेला डबी बांधून, हातात लोखंडी चौकट धरून झुंबर अंगणात चालला. एक पाय, मग दुसरा. मागून कौसल्या बटण धरून. बायाबापड्यांच्या तोंडाचा आ मिटेना. म्हाताऱ्या बनाबाईने कौसल्याची दृष्ट काढत कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि पोटची आई करणार नाही एवढं हिने केलं म्हणून सांगितलं. कौसल्या एकेकाला विचारत होती.

"बघितलं न्हवं? सोताच्या पायानं चालत्यात."

अंजलीचा ऊर भरून आला. कामाचं चीज झालं असं तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच वाटलं. माणसं पांगल्यावर कौसल्या तिच्याजवळ आली.

"आता ह्ये एकलं कुटं बी गेलं, तरी कुणी नवाल करायचं न्हाय."

"खरंय," अंजली हसली. झुंबर हसला नाही. चौकट धरून तो अंजलीकडे नुसता बघत राहिला.

जीप रस्त्यावर हॉर्न वाजवत होती. अंजली पायरी चढली आणि तिला आठवलं, पट्ट्यांचं जादा पाकीट द्यायचं राहिलंच. ड्रायव्हरला थांबायला सांगून ती उलट पावली आली.

अंगण रिकामं होतं. पलीकडे, डाळिंबाच्या झाडांमागून बटण दाबल्याचा बारीक आवाज येत होता. मग जमिनीवर पाय घासत टाकल्याचा. पुन्हा बटण, पुन्हा पाय. आणि कौसल्याचा आवाज, रोजच्यासारखाच मायेचा.

"चला, भावजी. आली हीर. मालक लई दिस झालं तितं तुमची वाट बघत्यात."