अर्ध्या तासाचं पथ्य

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या दादांची कात्रीपेक्षा जीभ जास्त चालायची. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तेव्हा ते सलूनसमोरच दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी जंतुनाशक औषधाची बाटली दिली आणि बजावलं, "सकाळी बरोबर सव्वानऊला आणि रात्री झोपताना याची चूळ भरायची. मग अर्धा तास खायचं नाही, प्यायचं नाही आणि एक शब्दही बोलायचं नाही."

खाण्यापिण्याचं एक वेळ ठीक, पण खुर्चीत गिऱ्हाईक असताना गप्प राहायचं म्हणजे दादांना जिवंतपणी मरण. तरी दात जपायचे म्हणून पंधरा दिवस त्यांनी तोंडाला कुलूप घातलं. मान डोलवत, भुवया उडवत कशीबशी गिऱ्हाइकं उरकली. हिरड्या बऱ्या झाल्या.

सोळाव्या दिवशी सकाळी त्यांनी औषधाच्या दुकानातल्या ताईंपुढे आपलं रडगाणं गायलं, तर ताई हसायलाच लागल्या. "बोलायचं नाही? असं कुठं असतं दादा? पथ्य फक्त खाण्यापिण्याचं. आणि सव्वानऊच कशाला?"

दादा विचारात पडले. मग तडक सलूनमध्ये आले. रोज साडेनऊला दाढी करून घेणारं गिऱ्हाईक खुर्चीत डोळे मिटून निवांत टेकलं होतं. दादांनी त्याच्या गालांना, ओठांना भरपूर फेस फासला आणि वस्तरा गळ्याशी टेकवला.



"हलायचं नाही डॉक्टर, बोलायचंही नाही. पंधरा दिवसांचं साचलंय."