हो, साहेब

छापखान्याच्या यंत्रात सापडल्यापासून ह्यांचा उजवा हात मेलेला. तरी अपंग पेन्शनचा अर्ज फेटाळला, कारण तपासणीत डॉक्टरांनी सुई लावून “टोचतंय ना?” विचारलं आणि ह्यांनी सवयीनं “हो, साहेब” म्हटलं. जन्मभर मुकादमाला हेच म्हणत आले. आज अपिलाच्या सुनावणीलाही तेच डॉक्टर. घरून बजावून आणलं होतं, खरं ते सांगा. “डोळे मिटा. टोचतंय ना?” “हो, साहेब.” “बाई, ते स्वतःच सांगतायत. अपील नामंजूर.” माझ्या डोक्यात तिडीक गेली. फायली शिवायचं दाभण उचलून मी ह्यांच्या तळहातातून आरपार, टेबलाच्या लाकडात रोवलं. रक्त डॉक्टरांच्या शर्टावर उडालं. ते किंचाळत खुर्चीसकट मागे कोसळले. ह्यांचे डोळे मात्र मिटलेलेच. उघडा असं साहेबांनी कुठं सांगितलं होतं? घाबऱ्या आवाजात मला म्हणाले, “अगं, कोण ओरडलं? तुला काही लागलं का?”