नंबर नसलेला माणूस

बुडालेल्या हजच्या जहाजातून वाचलेल्यांचा फोटो सरकारी लिफाफ्यातून मलकापूरला आला. ओळख पटवायची म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर नंबर घातला होता. नंबर अठरा होते आणि त्यांत रहेमतुल्ला नव्हता. त्याच्या आईने सुनेला, नजमुन्निसाला, विधवेने पाळायच्या इद्दतीला बसायला सांगितलं.

'ओळख पटली नाही' असं उत्तर लिहायला शेजारचे नीळकंठ मास्तर आले. त्यांनी फोटोवर भिंग धरलं.

"भाभी, माणसं एकोणीस आहेत."

एकोणिसावा मागच्या रांगेत पाठमोरा उभा होता. त्याच्या डोक्यावर नंबर नव्हता. क्रोशाची टोपी होती आणि तिचा काठ अर्धाच झाला होता.

नजमुन्निसाने मांडीवरची टोपी उचलली. नवरा हजला निघाल्यावर तिने ती त्याच्यासाठी विणायला घेतली होती. काठ अर्धाच होता. एका जागी टाका सुटून भोक पडलं होतं. फोटोतही तिथंच भोक होतं.

"मास्तर, उत्तर लिहू नका अजून. मले विणू द्या."

दुपारभर ती विणत राहिली. तिकडे भिंगाखाली फोटोतल्या टोपीचा काठ पुढे सरकत होता. सासू दारात उभी होती. तिने इद्दतीचं नाव काढलं नाही.

शेवटचा टाका उरला.

"अम्मी, भोक बुजवू काय?"

"राहू दे," सासू म्हणाली. "त्याच्यानंच तर ओळखलं."

नजमुन्निसाने शेवटचा टाका घालून दोरा तोडला.

मास्तरांनी भिंग फोटोच्या आणखी जवळ नेलं.

"भाभी," ते हळूच म्हणाले, "तो मान इकडे वळवून राह्यला."