एकसारख्या अंगठ्या

"दिसायला सारखेच, मग किमतीत एवढा फरक का?" असं गिऱ्हाइकानं विचारलं, की मी भिंग पुढे करतो आणि स्वस्त हिऱ्याच्या पोटातला डाग दाखवतो. बहीण गेल्यापासून भाची माझ्याच घरात, माझ्या मुलीला ताई म्हणत वाढली. मुलीच्या आणि तिच्या लग्नात मी एकसारख्या हिऱ्याच्या अंगठ्या घडवल्या, तेव्हा मामानं डावं-उजवं केलं नाही, असं सगळे म्हणाले. भाचीच्या हिऱ्यातला काळा ठिपका मी सोन्याच्या पकडीखाली दडवला होता. आज ती पकड तुटली म्हणून भाची दुकानात आली. अंगठी माझ्या हातात देण्याआधी तिनं टेबलावरचं भिंग उचललं आणि बराच वेळ डोळ्याला लावून ठेवलं. मग तिनं अंगठी माझ्या तळहातावर ठेवली. "मामा, पकड होती तिथेच बसव," ती म्हणाली. "ताईनं डाग बघितला, तर ती तुझ्याशी बोलायची नाही."