पोस्टकार्डावरची अकरा मिनिटं

“बॉल फुटला. उरलेली अकरा मिनिटं तुमची तुम्ही खेळून घ्या.”

औरंगाबादच्या कॉलेजच्या मैदानावर जिमखान्याचे सर असं म्हणाले, त्याला अडुसष्ट वर्षं झाली. उत्तमरावांच्या कानातून तो आवाज गेला नाही. कॉलेजकडे दुसरा बॉल नव्हता. नागपूरहून आलेल्या पाहुण्या टीमची गाडी निघायची होती. मॅच दोन-दोनवर थांबली.

दोन्ही कॅप्टननी सरांचं बोलणं मनावर घेतलं. इकडचे उत्तमराव, तिकडचा गोलकीपर दौलत मेश्राम. उरलेली मॅच त्यांनी पोस्टकार्डावर सुरू केली. एका कार्डावर एक किक. बॉल गावोगाव फिरला, कधी बदलीच्या सामानातून, कधी वरातीमागून. आणीबाणीत तो एकवीस महिने थ्रो-इनला पडून होता. खेळाडू वारला तरी त्यानं मैदान सोडायचं नाही, फक्त पळायचं नाही, असं ठरलं होतं. आता वीस जण जागच्या जागी उभे आहेत. पळतात दोघंच, तेही व्हॉट्सॲपवर.

उत्तमराव सिंगापुरात तोआ पायोहला मुलीकडे, हिराकडे, राहतात. सोमवारी त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. शेवटचं मिनिट चालू होतं. बॉल त्यांच्या पायाशी होता आणि गोल सहा पावलांवर. हॉस्पिटलचा फॉर्म टेबलावर तसाच पडला होता. ते सही करेनात.

त्या हंगामात त्यांची टीम सातही मॅच हरली होती. ही आठवी. समोर कोण, तर नागपूरचे चॅम्पियन. पाहुण्यांनी गाडीतून उतरता उतरताच तसं सांगितलं होतं. ही जिंकली की सगळा हंगाम धुऊन निघणार होता. दहा सोबती ती आस उराशी धरून गेले. हरलेला माणूस म्हणून मला भूल देऊ नका, असं उत्तमरावांनी हिराला बजावलं होतं.

“आबा, जस्ट शूट लाह,” नूडल्स खाता खाता नात ऋचा म्हणाली. आबांनी तिला फाउल दिला.

गोलसमोरचा नियम वेगळा होता. मारणाऱ्यानं बाजू आणि गोलकीपरनं झेप, दोघांनी आपापलं गुपचूप रेफरीला कळवायचं. रेफरी हिरा. शनिवारी सकाळी उत्तमरावांनी तिच्या कानात सांगितलं: दौलत्याच्या उजव्या हाताला. मग बूट चढवून ते खुर्चीत बसून राहिले.

हिरा इमारतीखालच्या खाण्याच्या गाळ्यांत, हॉकर सेंटरमध्ये, कॉफीच्या रांगेत होती, तेव्हा मेश्राम काकांचा फोन आला. त्यांनी ऑपरेशन किती वाजता ते विचारलं, डॉक्टर काय म्हणतात ते विचारलं.

“कोणत्या बाजूनं मारून राहिला तो, बेटा?”

रेफरीला असं सांगता येत नाही, हिरा म्हणाली.

“सांग. मी दुसरीकडे झेप घेतो.”

रांग दोन माणसं पुढे सरकली. हिरानं मान खाली घातली आणि हळूच सांगितलं, उजवीकडे.

“मग माझी डावी लिही.”

वर जाऊन तिनं गोल जाहीर केला. तीन-दोन. उत्तमराव उठून उभे राहिले. दहा जणांची नावं त्यांनी एकेक करून घेतली, शेतातल्या माणसाला बांधावरून हाक मारावी तशी, आणि प्रत्येकाला सांगितलं, जिंकलो रे. मग फॉर्मवर सही केली. मग दौलत्याला आवाजी निरोप पाठवला की चॅम्पियन म्हणवतोस आणि गोलात झोपतोस, नागपूरचं नाक कापलंस.

हिरानं लिफ्टजवळ जाऊन काकांना फोन लावला. सही झाली म्हणाली. तुम्ही चॅम्पियन, तुम्हाला एका पराभवानं काय फरक पडतो, म्हणूनच बाजू सांगितली म्हणाली.



“चॅम्पियन आमचे आम्हीच म्हणायचो, बेटा,” मेश्राम काका म्हणाले. “त्या साली आम्ही सगळ्या मॅच हरलो होतो. एवढी एकच हरायची राहिली होती.”